मीटरमागं किती?

माझ्या कामात एक एक्सेलची फाईल आहे. गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी ती भरून न्यायची असते. वर यंत्राची किंमत, खाली कर्जाचं व्याज, वीज, देखभाल, आणि मधोमध एक पिवळी चौकट: ‘प्रति कामगार मासिक खर्च’. त्या चौकटीत आकडा टाकला की तळाच्या ओळीत उत्तर उमटतं, यंत्राचे पैसे किती वर्षांत सुटतील त्याचं. धंद्यात त्याला पेबॅक म्हणतात. तीन-साडेतीन वर्षांत सुटत असतील तर सौदा झाल्यातच जमा. पाचच्या पुढे गेलं की मालक चहा पाजतो, यंत्राचं कौतुक करतो आणि ‘दिवाळीनंतर बघू’ म्हणतो. कुठली दिवाळी ते सांगत नाही.

मी पुण्यात राहते आणि कारखान्यांना छोटी स्वयंचलित यंत्रं विकते. साच्यातून निघालेला प्लॅस्टिकचा तुकडा उचलून पट्ट्यावर ठेवणारा हात, बाटल्या मोजून खोक्यात भरणारी जोडणी, असली कामं. चौदा वर्षांत एक गोष्ट इतक्यांदा पाहिली की आता तिचं नवल वाटत नाही. एकच यंत्र, एकच किंमत, चाकणला लगेच विकलं जातं आणि तालुक्याच्या गावी धूळ खात पडतं. यंत्रात फरक नसतो. फरक त्या पिवळ्या चौकटीत असतो.

समजा, यंत्र २४ लाखांचं आहे आणि चार माणसांचं काम करतं. माणूस महिना १२,००० रुपयांना पडत असेल तर वर्षाला वाचतात ५ लाख ७६ हजार. कर्ज १२ टक्क्यांचं असेल तर २ लाख ८८ हजार व्याजातच जातात, म्हणजे बचतीतले बरोबर निम्मे. पैसे सुटायला आठ वर्षांवर लागतील. तोवर यंत्रच जुनं झालेलं असतं. आता तोच माणूस २०,००० ला पडू लागला असं धरा. वाचतात ९ लाख ६० हजार, व्याज तेवढंच. साडेतीन वर्षांत हिशेब बसतो. यंत्राचा एक स्क्रूही बदललेला नाही. कुठे तरी चार माणसांना जरा बरं जगता येऊ लागलं, एवढंच झालंय, आणि नेमकी तीच चार माणसं आता नको झाली आहेत.

हा हिशेब मी कंपनीत शिकले असं सगळ्यांना वाटतं. खरं तर तो घरातच ऐकत वाढले, फक्त दुसऱ्या बाजूने.

माझे वडील, आबा, इचलकरंजीत साध्या यंत्रमागावर विणकर होते. चार माग, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवस, एक आठवडा रात्र. गावात विणकराला पगार महिन्यावर नसतो, कापडावर असतो, आणि कापडाचा भाव पिकावर. ५२ पिकाचं कापड म्हणजे इंचाला ५२ आडवे धागे. मजुरीवाढीचं आंदोलन असो की दिवाळीच्या बोनसची बोलणी, सगळ्या गावाचा प्रश्न एकच: ‘बावन्न पिकाला मीटरमागं किती?’ पैशांत बोलणं चालायचं. पाच पैसे वाढले तर पेढे, दोन पैशांवर अडलं तर मोर्चा.

शाळेत असताना मी एकदा आबांना गणित घालून दाखवलं होतं. आडवा धागा वाहून नेणारा धोटा एका मीटरला दोन हजारांवर वेळा इकडून तिकडे पळतो. मिनिटाला १५० फेऱ्या धरल्या, आणि धागा तुटणं, धोट्यातली सुताची कांडी संपणं, लाइट जाणं यांत पाव वेळ गेला असं धरलं, तर बारा तासांत एका मागावर ४० मीटर पडतं. चार मागांवर १६०. आबांनी कागद पाहिला आणि म्हणाले, ‘‘काल एकशे बावन्न पडलं. तीन नंबरच्या मागाचा पिकर गेला हुता.’’ (पिकर म्हणजे धोट्याला ठोसा देणारा भाग.) त्यांना रोजचं कापड मीटरसकट पाठ असायचं. रात्रपाळी करून आले की पायातली चप्पल काढायच्या आधी आकडा सांगायचे. आकडा चांगला असला तर आवाज मोठा. तसा त्यांचा आवाज कायमच मोठा होता. मागाच्या खडखडाटात तीस वर्षं काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही, कारण त्याला हळू ऐकूच येत नाही.

आई आधी घरीच असायची. आमच्याकडे मिक्सर नव्हता. शेजारी होता, आत्याकडे होता, आणि तेव्हाही तो काही फार महाग नव्हता. आबांना विचारलं की म्हणायचे, पाटा-वरवंटा आहे की. आणि ते हिशेबाने बरोबरच होतं. आईचा चटणी वाटण्यातला अर्धा तास वाचवून घरात एक रुपया येणार नव्हता. मग मी सातवीत असताना आई मागच्या गल्लीतल्या कारखान्यात कांड्या भरायला जायला लागली. कांड्यांवर पैसे, जितक्या भरशील तितके. त्याच दिवाळीला मिक्सर आला. कुणी काही बोललं नाही, कुणी आग्रह केला नाही. आईच्या अर्ध्या तासाला पहिल्यांदा भाव आला होता, म्हणून ते यंत्र परवडू लागलं. मी कामात शेकड्याने पेबॅक काढले, पण त्या मिक्सरइतका स्वच्छ एकही नाही.

पुढे इतिहासात वाचलं की याच प्रश्नावर विद्वान वर्षानुवर्षं भांडताहेत. जेम्स हारग्रीव्हजने इंग्लंडातल्या लँकेशायरमध्ये १७६४ च्या सुमारास एकाच वेळी सूत कातणाऱ्या अनेक चात्या फिरवणारं यंत्र बनवलं, ते जेनी. कापसाचं उत्तम सूत त्याच्या कितीतरी आधीपासून हिंदुस्थानात निघत होतं, कसब इथे होतं, बाजार इथे होता. मग यंत्र तिकडे का? रॉबर्ट अॅलन या अर्थेतिहासकाराचं उत्तर माझ्या एक्सेलसारखं आहे. त्या काळी इंग्लंडात मजुरी चढी होती आणि कोळसा स्वस्त होता. तिथे जेनी घेतली तर तिचे पैसे झटपट सुटायचे. फ्रान्समध्ये जेमतेम सुटले असते. आणि हिंदुस्थानात ती तोट्यातच गेली असती, कारण चरख्यावर बसणाऱ्या बाईला इतकं कमी मिळत होतं की तिचे कष्ट वाचवण्यासाठी लाकूड-लोखंडावर पैसा घालणं हा वेडेपणा ठरला असता. इथल्या लोकांना सुचलं नाही असं म्हणण्याची गरजच नाही. सुचलं असतं तरी कुणी घेतलं नसतं.

हे वाचून मी खूश झाले होते. मग जेन हम्फ्रीज आणि बेंजामिन श्नायडर यांचं म्हणणं वाचनात आलं आणि ती खुशी जरा ओसरली. ते म्हणतात, इंग्लंडात सूत कातत होत्या त्या बायका आणि मुलं, आणि त्यांची मजुरी मुळीच चढी नव्हती, उलट तुटपुंजी होती. मग महाग मजुरीने यंत्र आणलं हे कसं? वाद मिटलेला नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर मला दोघांचंही थोडं थोडं पटतं. पण हम्फ्रीजबाईंचा मुद्दा डोक्यातून जात नाही, कारण देशाची सरासरी मजुरी आणि पाट्यापुढे बसलेल्या एका बाईची मजुरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आमच्या घरात आबांची मजुरी होती तेव्हाही आईची शून्यच होती.

या हिशेबाची आणखी एक जुनी जागा म्हणजे कांडी. धोट्यातली कांडी संपली की विणकराने माग थांबवायचा, रिकामी काढायची, भरलेली घालायची. १८९० च्या दशकात अमेरिकेत जेम्स नॉर्थ्रॉपचा माग आला, तो ही कांडी आपली आपण बदलायचा. अमेरिकेत तो भराभर पसरला आणि एक विणकर वीस-वीस माग सांभाळू लागला. लँकेशायरमध्ये मात्र गिरणीवाले चार मागांना एक विणकर या जुन्या मेळालाच धरून राहिले. आणि मुंबईत? मागाची जात लँकेशायरचीच, पण विणकर बहुतेक दोनच मागांवर. मुंबईच्या मालकांना त्यापेक्षा जास्तीची निकड वाटली नाही, इतका माणूस स्वस्त होता. जपानी कापड अंगावर आलं तेव्हा मालकांना तीन मागांची आठवण झाली, आणि त्यातून १९२८ चा तो सहा महिन्यांचा संप पेटला. एक विणकर तीन माग चालवणार म्हणजे तिसरा विणकर कोकणात परत जाणार, हे गिरणगावातल्या अडाणी म्हटल्या जाणाऱ्या माणसाला एका क्षणात कळत होतं. त्याला एक्सेल लागत नव्हतं.

तो माणूस इतका स्वस्त का होता, याचं उत्तर मुंबईत सापडत नाही, रत्नागिरीत आणि साताऱ्यात सापडतं. गिरणीकामगार चाळीतल्या एका खोलीत दहा-पंधरा जणांबरोबर वळकटी पसरायचा, खानावळीत जेवायचा आणि मनीऑर्डर गावी पाठवायचा. बायको, पोरं, म्हातारे आईबाप गावाकडे. तिथली भातशेती अर्ध्या वर्षाचं पोट भरायची, उरलेलं मनीऑर्डरीवर. म्हणजे गिरणीने मजुरी दिली ती एका सड्या माणसाच्या जेवण-झोपेची. त्याचं कुटुंब जगवण्याचा खर्च कोकणातल्या बांधावर राबणारी बाई उचलत होती. ती बाई गिरणीच्या हजेरीपटावर कधीच नव्हती. पण नॉर्थ्रॉपचा माग मुंबईत का रुजला नाही, याच्या कारणांत माझ्या मते तिचा नंबर बराच वर लागेल.

आता १९८२ कडे येते, कारण मजुरी आणि यंत्र हा विषय निघाला की आमच्याकडे कुणी ना कुणी मुंबईच्या गिरणी संपाचे पुढारी दत्ता सामंत यांचं नाव घेतंच. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. ‘पगार मागत बसले, मग यंत्र आलं आणि गेले बाराच्या भावात,’ असं मी पुण्यातल्या जेवणाच्या टेबलांवर अनेकदा ऐकलंय. गंमत अशी की यंत्र आलंच नाही. आलं असतं तर निदान हिशेब तरी तसा झाला असता. झालं ते वेगळंच. गिरणीतली मजुरी चढू लागली तेव्हा मालकांपुढे दोन वाटा होत्या. एक, चांगले माग घालून कमी माणसांत जास्त कापड काढायचं. दुसरी, तेच कापड जिथे माणूस निम्म्यात मिळतो तिथे विणून घ्यायचं. दुसरी वाट भिवंडीला जात होती, मालेगावला जात होती आणि आमच्या इचलकरंजीलाही.

त्या वाटेवर सरकारनेही बरीच खडी टाकून ठेवली होती. हातमाग वाचावा म्हणून १९५६ पासून गिरण्यांना माग वाढवायची बंदी होती. हातमाग काही त्याने वाचला नाही. मधल्या मध्ये यंत्रमाग वाढला, एका छपराखाली चार, सहा, बारा असा. तिथे गिरणीचे कायदे पोहोचत नव्हते, भविष्य निर्वाह निधी नव्हता, आठ तासांची पाळी नव्हती. गिरण्यांनी भंगारात काढलेले माग भिवंडीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पुन्हा उभे राहिले. लालबागला महाग माणसाखाली जो माग परवडत नव्हता तोच माग भिवंडीला स्वस्त माणसाखाली आणखी पंचवीस वर्षं धावला. म्हणजे मजुरी वाढल्यावर यंत्र पुढे गेलं नाही. तेच जुनं यंत्र उतारावरून खाली घरंगळलं.

हा उतार मला नंतर सगळीकडे दिसायला लागला. युरोपात, जपानमध्ये मजुरी वाढली की तिथले माग निघतात आणि पेट्यांत भरून आपल्याकडे येतात. इचलकरंजीत आले त्या शटललेस, म्हणजे बिनधोट्याच्या, मागांतले कितीतरी असे दुसऱ्या हाताचे. तिकडे ते ‘हळू’ ठरलेले असतात. इकडे त्यांची पूजा होते, नारळ फुटतो, हळदकुंकू लागतं. एखादा माग आधी कुठल्या देशात होता हे त्याच्या बाजूच्या पट्टीवरच्या अक्षरांवरून कळतं. ती पट्टी पाहिली की मला वाटतं, या मागाने त्या देशातल्या मजुरांचं राहणीमान मोजलं होतं आणि ते वाढल्यावर तो आपल्याकडे आला. आपलं वाढेल तेव्हा तो कुठे जाईल?

इथे एक कबुली द्यायला हवी. हिशेब नेहमी असा सरळ चालत नाही. जपानकडेच बघा. खेड्यातल्या मुली वसतिगृहात ठेवून चालवलेल्या गिरण्या, म्हणजे माणूस स्वस्तच. तरी साकिची टोयोडांनी १९२४ साली असा स्वयंचलित माग उभा केला की पाच वर्षांत लँकेशायरच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीनेच त्याचे हक्क विकत घेतले. पण तिथेही १९२९ मध्ये बायकांच्या रात्रपाळीवर बंदी आली आणि रात्रीचे तास गेल्यावर गिरण्यांना दिवसातच सगळं काढणं भाग पडलं. पिवळ्या चौकटीतला आकडा कायदाही वाढवू शकतो, नुसता बाजारच वाढवतो असं नाही. बांगलादेशात अलीकडे तेच झालं. कपडे शिवणाऱ्या कामगारांचं किमान वेतन २०१३ मध्ये ५,३०० टका ठरलं, २०१८ मध्ये ८,०००, आणि २०२३ च्या अखेरीला आंदोलनानंतर १२,५००. तिथे स्वेटर विणणाऱ्या कारखान्यांत हाताची यंत्रं जाऊन संगणकावर चालणारी आली, पण शर्ट शिवणाऱ्या बायका अजून आहेत. त्याला कारण दयाबुद्धी नाही. कापड लुळं असतं, दर वेळी वेगळं दुमडतं, आणि ते नीट पकडून शिलाईखाली सरकवणारा हात अजून माणसाच्या हाताइतका स्वस्त झालेला नाही. हे मी हात विकणारी बाई म्हणून सांगते.

इचलकरंजीत गेल्या पंधरा-वीस वर्षांत यंत्रमागधारकांच्या तोंडी एकच वाक्य आहे: माणूस मिळत नाही. दुसऱ्याचं सूत मजुरीवर विणून देणारे खर्चीवाले म्हणतात, व्यापारी म्हणतात, उभ्या धाग्यांना खळ लावणारे सायझिंगवाले म्हणतात. हे वाक्य मी पुण्यातही दर आठवड्याला ऐकते, आणि मला आता त्याचा न बोललेला उरलेला भाग ऐकू येतो: ‘या पगारात’. माणसं होती. आमच्या गल्लीत विणकरांची किमान वीस पोरं होती. त्यांतलं एकही मागावर गेलं नाही. कोण शिरोलीच्या एमआयडीसीत, कोण कागलला, एक एसटीत कंडक्टर, दोघं बँकेच्या वसुलीत, एकाचं मोबाईलचं दुकान. पगार सगळ्यांचे काही फार मोठे नाहीत. पण बारा तास उभं राहायचं, कानाचा बळी द्यायचा, नाकात कापसाची धूळ, आणि सोयरिकीच्या वेळी ‘मुलगा मागावर आहे’ असं सांगायचं, हे त्यांना नको होतं.

आबांनाही नको होतं. माझ्या डिप्लोमाची फी भरताना ते दिवाणजीकडून उचल घेऊन आले होते आणि म्हणाले होते, ‘‘तू तेवढी मागाखालनं भाईर पड.’’ म्हणजे विणकर महाग कुणी केला असेल तर तो विणकरांनीच. युनियनच्या मोर्च्यांनी जेवढा केला नसेल तेवढा पोरांच्या शाळेच्या दाखल्यांनी केला. चांगलं जगणं एकदा डोळ्यांसमोर आलं की जुन्या मजुरीत माणूस परत येत नाही, आणि मग मालकाला एअरजेट या नव्या वेगवान मागाचं कोटेशन मागवावं लागतं. सरकारने १९९९ पासून यंत्रं बदलायच्या कर्जावर पाच टक्के व्याजाचा परतावाही दिला. वरच्या माझ्या उदाहरणात व्याज १२ ऐवजी ७ टक्के घालून पाहा, स्वस्त माणूसही एकदम महाग दिसायला लागतो. पोराच्या शाळेसाठी उचल घेणाऱ्या विणकराला मात्र व्याजाचा परतावा कुणी दिल्याचं माझ्या ऐकिवात नाही. असो.

पण सगळं गाव एअरजेटचं झालं नाही, आणि का झालं नाही हेही पाहण्यासारखं आहे. स्थानिक पोरं गेली तिथे उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशातले लोक आले. पाच-सहा जणांत एक खोली, आळीपाळीने स्वयंपाक, मोबाईलवरून गावी पैसे. बायको-मुलं गावाकडे. मी पहिल्यांदा तशी खोली पाहिली तेव्हा मला गिरणगावची चाळ आठवली. फक्त वळकटीच्या जागी गाद्या, मनीऑर्डरच्या जागी फोन आणि कोकणातल्या बांधाच्या जागी पूर्वांचलातला. इथेही मजुरी एकाच माणसाची. साधा माग आणखी किती वर्षं चालणार हे इचलकरंजीत ठरत नाही. ते गोरखपूरजवळच्या एखाद्या गावात काय मिळतं यावर ठरतं. तिथे घराजवळ बऱ्या पगाराचं काम निघालं की इकडे आमच्या गावात शंभर माग भंगारात जातील. २०२० च्या टाळेबंदीत ही माणसं निघून गेली तेव्हा गावाला त्याची चव मिळाली. माग जागेवर, सूत जागेवर, आणि खडखडाट बंद. आबा म्हणायचे, झोप येईना झालीय, एवढं गप्प आहे गाव.

ऊसतोडीचं तसंच चाललंय. पट्टीतला ऊस तोडायला टोळ्या मिळेनात म्हणून हार्वेस्टर आले, आणि तोडणीवाल्यांची पोरं शिकली म्हणून टोळ्या मिळेनात. पण तो विषय वेगळा, त्यात उचलीचं, कोयत्याचं आणि बायकांच्या हालांचं इतकं काही आहे की एका परिच्छेदात घालणं बरं दिसणार नाही.

माझ्या कामाबद्दल मला कधी अपराधी वाटतं का, असं एका मैत्रिणीने विचारलं होतं. खरं सांगायचं तर नेहमी नाही. ज्या कामांना मी हात विकते त्यांतली बरीचशी माणसाने करू नयेत अशीच आहेत. साच्यातला गरम तुकडा रात्रपाळीत आठ तास काढत बसणं हे कुणाच्या मुलाचं स्वप्न नसतं. पण एकदा एका लहान कारखान्यात मी फाईल उघडली, आणि मालकाने माणसामागे महिन्याचा जो आकडा सांगितला तो इतका कमी होता की पेबॅक अकरा वर्षांवर गेला. मी म्हटलं, साहेब, तुम्हाला यंत्राची गरजच नाही. ते हसले, म्हणाले, तेच तर मी म्हणतो. बाहेर सहा बायका जमिनीवर बसून झाकणं लावत होत्या. त्यांतली एक आईच्या वयाची. त्या दिवशी यंत्र विकलं न गेल्याचं मला वाईट वाटलं, पण ते कमिशनचं नव्हतं. माझं यंत्र त्या बायकांपेक्षा महाग आहे, हे मला एखाद्याने तोंडावर सांगितल्यासारखं झालं.

गेल्या उन्हाळ्यात गावी गेले होते. यड्रावकडे एका वर्गमित्राने बारा एअरजेट घातलेत, ते बघायला आबांना घेऊन गेले. नको नको म्हणत आले. आत शिरल्यावर आधी ते दारातच थांबले. थंड हवा, स्वच्छ फरशी, आणि आवाज आमच्या खडखडाटासारखा नाही, एकसारखा, कानात भरून राहणारा. पहिल्या मागाजवळ जाऊन त्यांनी वाकून पाहिलं आणि मला ओरडून विचारलं, ‘‘धोटा कुठाय?’’ मी सांगितलं, धोटा नसतो, हवेच्या झोताने धागा पलीकडे जातो. मिनिटाला सातशे वेळा. ते बराच वेळ तिथेच बघत राहिले. मग सवयीने कापडाची कड बोटांत धरून चोळली, उजेडाकडे धरायला गेले, पण ते ताणलेलं होतं.

विणकर बिहारचा होता, तिशीतला, कानात बोळे. आबांनी चार बोटं वर केली आणि त्याच्याकडे बोट दाखवलं. त्याला कळलं. तो हसला, एक कान मोकळा केला आणि म्हणाला, ‘‘बारह, चाचा. सब मैं ही देखता हूँ।’’ मी मनातल्या मनात गणित घातलं: बारा तासांत अडीच हजारांवर मीटर. आबांच्या चांगल्या पाळीच्या सोळा-सतरा पट. हे त्यांना सांगावं की नाही ते ठरेना, म्हणून गप्प राहिले. त्याने आबांसाठी खुर्ची आणली, ते बसले नाहीत. मागांच्या मधल्या वाटेने एकदा या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले आणि परत आले, पाळीवर असल्यासारखे हात मागे बांधून.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, ‘‘त्येला मीटरमागं किती देत्यात?’’

मी म्हटलं, मीटरवर नाही आबा, महिन्याचा बांधलेला पगार आहे. कापड कमी पडलं, जास्त पडलं, तेवढाच.

ते खिडकीतून बाहेर बघत होते. बऱ्याच वेळाने म्हणाले, ‘‘मंग कापड मोजत नसंल त्यो.’’